पाच माणसांचे लग्न : माळरान, मांडव आणि साक्ष

१/
मीरा रोडच्या सिल्व्हर पार्क परिसरात राहणारे एक जोडपे डोळ्यांसमोर आणू या. दोघांना सभागृह नको, बँड नको, सातशे पानांची पंगत नको. सह्याद्रीतल्या एखाद्या उघड्या पठारावर, वाऱ्याच्या आणि धुक्याच्या संगतीत, चारपाच जिवलगांसमोर लग्न करावे एवढीच त्यांची इच्छा आहे. घरी हा बेत सांगितला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘चारचौघांत लग्न करायला लाज वाटते का? पळून जाऊन करताय की काय?’

२/
हे खूळ परदेशी आणि नवे आहे, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात मोजक्या माणसांचे, मांडवाबाहेरचे लग्न आपल्याकडे फार जुने आहे. कधी ते प्रेमाने निवडलेले होते, कधी भीतीने पत्करलेले, तर कधी समाजाने लादलेले. त्याचा हा इतिहास एकाच प्रश्नाचा हात धरून पाहू : लग्न पाहिले कोणी, आणि उद्या कोणी ते नाकारले तर सिद्ध कसे होणार? #धागा

३/
प्रारंभ अरण्यातून. मनुस्मृतीने विवाहाचे आठ प्रकार सांगितले. त्यांपैकी वधूवरांच्या परस्परसंमतीने होणारा तो गांधर्व विवाह. त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे कण्वाश्रमातील दुष्यंत आणि शकुंतला. पिता आश्रमात नाही, पुरोहित नाही, वऱ्हाड नाही. महाभारतातील शकुंतला मात्र भोळी नाही. आपल्या पोटी येणारा पुत्रच युवराज होईल, ही अट ती आधी मान्य करून घेते. करार आहे, पण ऐकणारा तिसरा कोणी नाही.

४/
पुढे हस्तिनापूरच्या दरबारात राजा तिला ओळख देत नाही. महाभारतात अखेर आकाशवाणी साक्ष देते. कालिदासाने आपल्या नाटकात आकाशवाणीच्या जागी अंगठी आणली, आणि तीही वाटेत पाण्यात पडते. दोन्ही कथांतले संकट एकच आहे : अरण्यातील विवाह खरा होता, पण तो सिद्ध करण्याचा भार एकट्या स्त्रीवर पडला. देवाची वाणी किंवा माशाच्या पोटातली अंगठी प्रत्येकीच्या नशिबी नसते.

५/
दुसरी कथा महाराष्ट्राच्या मातीतली. विदर्भकन्या रुक्मिणीचे लग्न भाऊ रुक्मीने शिशुपालाशी ठरवले. भागवताच्या दशम स्कंधात ती एका ब्राह्मणाहाती श्रीकृष्णाला पत्र पाठवते. ते पत्र प्रेमपत्र तर आहेच, पण काटेकोर नियोजनही आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी वधू नगराबाहेरील गिरिजेच्या दर्शनाला जाते. तीच वेळ, तीच जागा. राजवाड्यात शिरावे लागू नये, आप्तांचा रक्तपात होऊ नये, याचाही विचार तिने केलेला आहे.

६/
अमरावती जिल्ह्यातील वर्धाकाठचे कौंडिण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर मानले जाते, आणि आषाढीला तेथून तिची पालखी पंढरपुरास जाते. अमरावतीच्या अंबादेवी मंदिराशीही लोकपरंपरेने हरणाची कथा जोडली आहे. म्हणजे घरच्यांच्या इच्छेविरुद्ध निघून गेलेल्या मुलीला महाराष्ट्राने केवळ क्षमा केली असे नाही. तिला ‘आई’ म्हटले. हे हरण लपून झाले नव्हते, ही गोष्ट मात्र लक्षात ठेवण्याजोगी. जमलेल्या सर्व राजांनी ते पाहिले होते.

७/
मराठी काव्याला या कथेचा विशेष लळा. तेराव्या शतकाच्या अखेरीस महानुभाव पंथातील महदंबेने रुक्मिणीच्या विवाहावर ‘धवळे’ रचले. नरेंद्राने ‘रुक्मिणीस्वयंवर’ लिहिले. सोळाव्या शतकात संत एकनाथांनी त्याच नावाचा ग्रंथ केला. धवळे म्हणजे लग्नप्रसंगी गायची गीते. मराठीतील आद्य कवयित्री म्हणून जिचे नाव घेतले जाते, तिची ख्यातकीर्त रचना एका पळून गेलेल्या वधूच्या लग्नाची गाणी असावी, हा योगायोग सुंदर आहे.

८/
तो ‘धवळा’ सिल्व्हर पार्कपासून फार दूर नाही. मीरा-भाईंदर हे शहर उभे राहण्याआधी येथे भातखाचरे, मिठागरे आणि आगरी-कोळी गावे होती. आगरी लग्नात विधींच्या साथीने धवले गाणारी ‘धवलारीण’ अजूनही आढळते. ठाणे-पालघरच्या वारली समाजात तर लग्न लावण्याचा मान धवलेरीचा. भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नचौक लिहिला जातो, त्यात पालघट देवी बसते, आणि धवलेरीच्या गाण्याने लग्न पार पडते. ब्राह्मण पुरोहितावाचून विवाह ही येथल्या डोंगरपायथ्याची जुनी रीत आहे.

९/
वारली समाजाची आणखी एक रीत नागर वाचकाला चकित करते. लग्नाचा खर्च पेलवत नसेल तर स्त्रीपुरुष एकत्र संसार मांडत, मुले होत, आणि पैसा जमला की कित्येक वर्षांनी, प्रसंगी मुलांच्या लग्नाबरोबरच आईवडिलांचेही लग्न लागे. त्या सहजीवनाला पाड्याची मान्यता असे. येथे साक्ष एका मुहूर्ताची नव्हती, सगळ्या पाड्याच्या रोजच्या नजरेची होती. लहान, बिनखर्चाचा आरंभ चालत होता, कारण नाकारण्याची सोय नव्हती.

१०/
आता याच इतिहासाची काळी बाजू. ज्या जातींत विधवेच्या पुनर्विवाहाची चाल होती, तेथे त्याला ‘लग्न’ म्हणत नसत. तो ‘पाट’ किंवा ‘म्होतूर’. एकोणिसाव्या शतकातील नोंदींत त्याचे चित्र स्पष्ट आहे : वेळ रात्रीची, बहुधा अंधाऱ्या पक्षातली, जागा आडबाजूची, माणसे मोजकी, सवाशिणींना मज्जाव. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत त्या जोडप्याचे तोंड पाहणे अशुभ मानले जाई.

११/
माणसे कमी, जागा उघडी, थाट शून्य. वर्णन ऐकले तर आजच्या ‘छोटेखानी लग्ना’शी ते हुबेहूब जुळते. फरक एवढाच की त्या स्त्रीला कोणी विचारले नव्हते. अंधार तिने निवडला नव्हता. आणि ज्या विवाहाकडे समाज डोळे उघडून पाहायला तयार नव्हता, त्यावर कर घ्यायला सरकार मात्र तयार होते : पेशवाईतील करांत ‘पाटदाम’ नावाची बाब होती, ती पाटावरच आकारली जाई.

१२/
म्हणूनच एकोणिसाव्या शतकातील सुधारकांची लढाई उजेडात येण्याची होती. विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला, पण कागदावरचा कायदा मांडवात उतरायला वेळ लागला. विष्णुशास्त्री पंडितांच्या पुढाकाराने जून १८६९ मध्ये मुंबईत वेणूबाई आणि पांडुरंग विनायक करमरकर यांचा पुनर्विवाह झाला. तो चोरून उरकण्यात आला नाही. रीतसर निमंत्रणे गेली. निमंत्रणावर नावे घालणाऱ्यांना बहिष्कार सोसावा लागला, आणि त्यांत न्या. रानडेही होते. निमंत्रणपत्रिका छापणे हेच धाडस असलेला तो काळ होता.

१३/
पुण्यात २४ सप्टेंबर १८७३ रोजी महात्मा फुले यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला सीताराम जबाजी आल्हाट आणि राधा यांचा पहिला सत्यशोधक विवाह झाला. सावित्रीबाईंचा त्यात पुढाकार होता. भटजी नाही, हुंडा नाही, खर्च नाममात्र. त्या जागी आले वधूवरांचे परस्परांना दिलेले वचन. पुढे १८८७ मध्ये फुल्यांनी मंगलाष्टकांसह पूजाविधीची पुस्तिका काढली. त्यातील वधू स्त्रीच्या हक्कांची मागणी करते आणि वर ते देण्याचे वचन देतो.

१४/
सत्यशोधक विवाह साधा होता, पण गुप्त नव्हता. पुरोहित वगळला गेला, साक्षीदार वगळले गेले नाहीत. या लग्नांविरुद्ध गावोगाव रोष उसळला. जुन्नर तालुक्यातील ओतूर येथे १८८०च्या दशकात ब्राह्मणाविना लावलेल्या लग्नावरून जोशांनी दक्षिणेच्या हक्काचा दावा लावला, तो मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि निकाल लग्न लावणाऱ्या पाटलांच्या बाजूने लागला. लग्न कोणी लावावे हे ठरवण्याचा अधिकार घरमालकाचा, एवढी साधी गोष्ट मान्य व्हायला न्यायालय गाठावे लागले.

१५/
आता काही क्षण सातासमुद्रापार, कारण माळरानावर पळून जाऊन लग्न करण्याची आजची कल्पना तेथूनच फिरून आपल्या पडद्यावर येते. इंग्लंडमध्ये चोरून होणाऱ्या विवाहांना आळा घालण्यासाठी १७५३ साली लॉर्ड हार्डविक यांचा विवाहकायदा आला आणि मार्च १७५४ पासून लागू झाला. त्याने विवाह चर्चशी बांधला आणि २१ वर्षांखालील वधूवरांसाठी पालकांचा शब्द निर्णायक केला. स्कॉटलंडला हा कायदा लागू नव्हता. तेथे मुलगा १४ आणि मुलगी १२ वर्षांची असली की परस्परसंमतीचे उच्चारण पुरे.

१६/
परिणाम उघड होता : प्रेमी जोडपी घोडागाडीने सीमा ओलांडू लागली. सीमेपलीकडचे पहिले गाव ग्रेटना ग्रीन. तेथील लोहार ऐरणीवर हातोडा मारून लग्न लागल्याचे जाहीर करी. १८५६च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये २१ दिवस वास्तव्याची अट घातली, आणि १९४० पासून केवळ उच्चारणाने होणारे विवाह बंद झाले. पण ‘पळून जाण्या’चा रोमहर्ष गावाला चिकटला तो कायमचा. ग्रेटना ग्रीन हा आजही लग्नांचा गाव आहे.

१७/
गंमत पुढे आहे. इंग्लंडच्या कायद्याने विवाह अजूनही जागेशीच बांधलेला आहे. १९९४ च्या कायद्यानंतर हॉटेले आणि वाड्यांना मान्यता मिळू लागली. जुलै २०२१ पासून अशा मान्य वास्तूच्या आवारात आकाशाखालीही नागरी विवाह लावता येतो. परंतु यॉर्कशायरच्या खुल्या माळरानावर घेतलेल्या शपथा कायद्याच्या दृष्टीने विवाह ठरत नाहीत. नोंदणी आधी किंवा नंतर वेगळी करावी लागते. स्कॉटलंडमध्ये मात्र विवाह लावणारी अधिकृत व्यक्ती आणि दोन साक्षीदार असले की उजाड डोंगरमाथाही चालतो. वधूवर धरून पाच माणसे!

१८/
भारतात काय? ब्राह्मो समाजाच्या प्रयत्नांतून १८७२ साली नागरी विवाहाचा कायदा झाला. त्याची अट जाचक होती : आपण हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती इत्यादी प्रमुख धर्मांपैकी कोणताही मानत नाही, असे वधूवरांनी लिहून द्यावे लागे. हरिसिंह गौर यांच्या प्रयत्नांनी १९२३ मध्ये दुरुस्ती झाली आणि हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांना धर्म न सोडता आपसांत नागरी विवाह करणे शक्य झाले. जात ओलांडणाऱ्यांसाठी ही वाट महत्त्वाची ठरली.

१९/
त्या वाटेवरचे सर्वांत ठळक पाऊल १५ एप्रिल १९४८ चे. देशाचे कायदामंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि डॉ. शारदा कबीर यांचा विवाह दिल्लीत बाबासाहेबांच्या निवासस्थानी नोंदणी पद्धतीने, मोजक्या निमंत्रितांच्या उपस्थितीत झाला. मांडव नव्हता, मिरवणूक नव्हती. ज्यांच्या एका हाकेवर लाखो माणसे जमत, त्यांनी स्वतःच्या विवाहाला थोडक्यांची साक्ष पुरेशी मानली. मात्र ती साक्ष कायद्यात बसणारी होती.

२०/
पुढे १८७२ च्या कायद्याची जागा १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने घेतली. यात माणसांचा हिशेब स्पष्ट आहे : वधू, वर, तीन साक्षीदार आणि विवाह अधिकारी. विधी कोणताही चालतो, पण या सर्वांसमक्ष दोघांनी समजणाऱ्या भाषेत परस्परांचा पती-पत्नी म्हणून स्वीकार उच्चारला पाहिजे. कलम १२ नुसार विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीतच व्हावा असे नाही. जादा शुल्क भरून कचेरीपासून वाजवी अंतरावरील अन्य जागाही मागता येते. म्हणजे मोकळे आकाश भारतीय कायद्याला वर्ज्य नाही.

२१/
१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याला तर जागेचे बंधनच नाही. त्याचा भर रूढ विधींवर आहे. त्या विधींत सप्तपदी असेल तर अग्नीसमोरचे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो. मग ते पाऊल सभागृहात पडो वा शेताच्या बांधावर. पण विधीच वगळले तर? या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातील एका खटल्याने दिले, आणि ते उत्तर कडू होते.

२२/
खटला भाऊराव शंकर लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य. पहिली पत्नी हयात असताना फेब्रुवारी १९६२ मध्ये पुरुषाने दुसरे लग्न केले, तेही ‘गांधर्व’ पद्धतीने. हार घातले गेले, वधूवरांची कपाळे एकमेकांना टेकवली गेली. होम नाही, सप्तपदी नाही. द्विभार्येचा गुन्हा दाखल झाला. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणाले : आवश्यक विधी झालेले नाहीत आणि ते वगळण्याची रूढीही सिद्ध झालेली नाही, म्हणून हा विवाह विधिवत झालाच नाही. विवाह नाही, तर द्विभार्येचा गुन्हाही नाही. शिक्षा रद्द झाली.

२३/
या निकालात दोन स्त्रिया हरल्या. पहिलीला दाद मिळाली नाही. दुसरीला आपण पत्नी नव्हतोच असे कळले. शकुंतलेची अंगठी पुन्हा पाण्यात पडली होती, आणि या वेळी मासा सापडला नाही. लहान, साधे, बिनविधीचे लग्न प्रेमाची निवड असू शकते, तशीच ती पळवाटही असू शकते. कोणत्या हेतूने केले हे लग्नाच्या दिवशी दिसत नाही. ते नाकारण्याच्या दिवशी दिसते.

२४/
उलट बाजूचा इशारा एप्रिल २०२४ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आहे. विधी न करता केवळ प्रमाणपत्र मिळवले, तर तेवढ्याने हिंदू विवाह कायद्याखाली विवाह होत नाही. नोंदणी हा झालेल्या विवाहाचा पुरावा आहे, विवाहाचा पर्याय नाही. तमिळनाडूने १९६७ च्या दुरुस्तीने स्वाभिमान विवाहाला स्वतंत्र मान्यता दिली. आप्तमित्रांसमोर हार, अंगठी किंवा ताली पुरते. महाराष्ट्रात तसे कलम नाही. म्हणून ज्यांना होम-सप्तपदी नको, त्यांच्यासाठी विशेष विवाह कायदा हीच भक्कम वाट.

२५/
पण त्या वाटेवर एक काटा आहे. विवाहाची सूचना कचेरीत ठळक जागी लावली जाते आणि आक्षेपांसाठी ३० दिवस ठेवले जातात. घरच्यांच्या संमतीने निघालेल्या जोडप्याला हे दिवस म्हणजे खरेदीचा अवधी; जात किंवा धर्म ओलांडून निघालेल्या जोडप्याला तोच महिना जिवावरचा ठरू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी पोलिसांना निर्देश दिले. जानेवारी २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने सूचना प्रसिद्ध करणे जोडप्याच्या इच्छेवर सोडले. साक्ष आणि पाळत यांतील रेषा येथे फार बारीक होते.

२६/
आता पुन्हा सिल्व्हर पार्कच्या जोडप्याकडे. इंग्रजी चित्रपटांतील झुडपांचे, वाऱ्याचे, वृक्षहीन माळरान आपल्याकडे आहे का? आहे, त्याला मराठीत ‘सडा’ म्हणतात. जांभ्या खडकाचे सपाट पठार, वर मातीचा पातळ थर, झाडे तुरळक. उन्हाळ्यात काळाठिक्कर, पावसाळ्यात हिरवा, आणि भाद्रपदाच्या सुमारास फुलांनी भरलेला. साताऱ्याजवळचे कास पठार हे त्याचे प्रसिद्ध रूप. पश्चिम घाटातील स्थळांसह २०१२ मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत गेले.

२७/
तो वारसा पायदळी जाईल इतका नाजूक आहे. सीतेची आसवे, गेंद यांसारख्या वनस्पती बोटभर मातीत, साचलेल्या पाण्यावर जगतात. टोपली कारवी सात वर्षांतून एकदा फुलते. तेथे खुर्च्या मांडणे, फुलांत उतरणे म्हणजे एका दिवसाच्या छायाचित्रासाठी वर्षाचे बीज तुडवणे. राखीव वनात आग पेटवणे भारतीय वन कायदा, १९२७ नुसार गुन्हा आहे. तेव्हा होमाचा विचारच नको. योग्य जागा म्हणजे एखाद्या गावाचा खासगी सडा किंवा माळ : मालकाच्या परवानगीने, गावाला कळवून, फुलांचा भाग टाळून.

२८/
नियोजनही इतिहासातूनच सुचते. विशेष विवाह कायद्याने करायचे असल्यास दोघांपैकी एकाचे किमान ३० दिवसांचे वास्तव्य ज्या जिल्ह्यात आहे तेथे, म्हणजे या जोडप्यासाठी ठाणे जिल्ह्यात, सूचना द्यावी. सूचनेनंतर तीन महिन्यांत विवाह व्हावा लागतो. सातारा हे ठाण्याच्या कचेरीपासून ‘वाजवी अंतर’ ठरणे कठीण, म्हणून सह्या ठाण्यात आणि वचने सड्यावर. हिंदू पद्धतीने करायचे तर विधी पूर्ण करावेत, सप्तपदी नीट व्हावी, तिची छायाचित्रे ठेवावीत, आणि मग विवाहनोंदणी.

२९/
आणि माणसे निवडताना केवळ लाडके कोण, एवढेच पाहू नये. उद्या उभे कोण राहील, हेही पाहावे. एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या निर्बंधांनी महाराष्ट्रातील लग्न २५ माणसांवर आणि दोन तासांवर आणले होते. तेव्हा अनेक घरांना प्रथमच कळले की पंगत छोटी झाली म्हणून लग्न छोटे होत नाही. शकुंतलेला हवी होती एक माणूस, जी दरबारात उभी राहून म्हणाली असती, ‘मी तेथे होते.’

३०/
रुक्मिणीने जागा आणि वेळ स्वतः ठरवली. पाट लावणाऱ्या विधवेवर अंधार लादला गेला. सत्यशोधकांनी पुरोहित सोडला, साक्षीदार ठेवले. मांडवात येण्याचा हक्क मिळवायला काही स्त्रियांना शतके लागली. आज कोणी त्याच मांडवातून आपखुशीने बाहेर पडत असेल, तर ते त्या लढ्याचेच फळ आहे. मात्र बाहेर पडताना साक्ष बरोबर न्यावी. माळरानाला भिंती नसतात, म्हणून तेथे उच्चारलेला शब्द ऐकणारी माणसे नीट निवडावी लागतात.

आपल्या घरात, गावात धवलेरीने लावलेले, सत्यशोधक पद्धतीने झालेले किंवा पाच माणसांत पार पडलेले एखादे जुने लग्न ठाऊक असेल, तर त्याची आठवण खाली अवश्य लिहावी. अशी लग्ने कागदांत क्वचितच सापडतात. ती सांगणारे शेवटचे साक्षीदार अनेकदा घरातली वडीलधारी माणसेच असतात.
#इतिहास #महाराष्ट्र #विवाहसंस्था